पेंडीवरची हिरवी बुरशी

बुरशीवर जीव लावणारा माणूस अख्ख्या बीड जिल्ह्यात एकच झाला आणि तो नेमका माझ्या वाट्याला साडू म्हणून आला. शेतकी कॉलेजात शिकून ते घाटनांदूरपुढच्या एका खेड्यात सोसायटीच्या गोदामावर लागले. कॉलेजातलं बाकी सगळं विसरले, बुरशी तेवढी राहिली. शिळ्या भाकरीचे तुकडे ते बरणीत ठेवत आणि पाहुण्याला चहाच्या आधी बरणी दाखवत. आक्का, म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण, त्या बरण्यांना सवती म्हणायच्या. "हुशारी बघा गुरुजी हिची," साडू मला सांगायचे, "इख करती, पण पेशीतल्या बारक्या पिशवीत करती. पिशवी काठाला नेती आन् बाहेर रिकामी करती. सोताला थेंब लागू देत न्हाई." एवढं कौतुक त्यांनी स्वतःच्या मुलांचं कधी केलं नाही. पंगतीत शेंगदाण्याची चटणी आली की दाणे कुठे साठवले होते याची ते चौकशी करत आणि उत्तर येईपर्यंत वाढपी भातावर पोचलेला असे. एरवी माणूस इतका भिडस्त, की चेअरमनसमोर शिंकसुद्धा दाबून धरायचा.

दुष्काळात सोसायटीनं जनावरांची छावणी उघडली. साडूंच्या दोन गाई तिथेच होत्या. शेंगदाण्याची पेंड आली ती वाटेत अवकाळीत भिजून, आणि चार दिवसांत हिरवी झाली. आमच्याकडे यावर उपाय ठरलेला, उन्हात पसरायची, गोणपाटानं झटकायची आणि चारायची. झटकून बुरशी जाते, विष आतच राहतं, ढोरांचं काळीज सडतं, असं साडू चेअरमनना तीनदा सांगून आले. चेअरमन हसले आणि सोमवारपासून चारा म्हणाले. त्यांच्या म्हशी घरी सरकी खात होत्या.

रविवारी दुपारी साडूंनी गोदाम उघडून एकेका पोत्यावर फिनेल ओतलं. मग कुलूप लावलं, किल्ली चेअरमनच्या घरी नेऊन दिली आणि केलेलं सगळं आपल्याच तोंडानं सांगितलं. नोकरी गेली. नवी पेंड येईपर्यंत ढोरं उसाच्या वाढ्यावर, म्हणजे नुसत्या शेंड्यांवर राहिली, बरगड्या निघाल्या, लोकांनी शिव्या दिल्या. पण मेलं एकही नाही आणि तेच साडूंना भोवलं. एखादं मेलं असतं तर ते खरे तरी ठरले असते.

न सांगता गप्प बसला असतात तर काय बिघडलं असतं, असं मी एकदा चिडून विचारलं. त्यांनी फळीवरची बरणी उचलून उजेडात धरली. "तिला पिशवी आस्ती, गुरुजी," ते म्हणाले. "आपल्याला कुठली?"

साडू वारल्यावर आक्कांनी सगळ्या बरण्या धुतल्या, एक सोडून. मला साडूंचा फार अभिमान वाटायचा, तो सांगायचा मात्र राहून गेला. गाव अजून म्हणतं, "येकबी ढोर मेलं न्हाई, कशाचं आलंय इख?" आणि छावणीतून परतलेल्या त्याच गाईंच्या कालवडींच्या दुधाचा चहा पीत म्हणतं.