चाचींच्या घराची किंमत मी सांगितली

मित्रमैत्रिणींनो, दुपारपासून मला माझीच भीती वाटतेय.

शेजारच्या चाची त्यांचं शंभर वर्षांचं दुमजली दगडी घर विकून केडगावला, लेकीच्या शेजारी फ्लॅट घेणार आहेत. घराचे किती मागावेत, हे विचारायला त्यांनी आज मला बोलावलं.

"दलाल नको बाई. तो चहा पिणार अन् वर किंमतही पाडणार. तू शिकलेली हायेस, तूच सांग."

मी घरभर फिरले. तुळईला वाळवी, जिन्याजवळ तडा, बोळात टेम्पो शिरत नाही. "पन्नास लाख मागा," म्हणाले.

"बस, ठरलं, पन्नास! मग तूच घे ना. उद्या विसार आण."

ते घर आम्हाला कधीपासून हवंय. मी सांगितलेले दोष सगळे खरे होते. पण सागवानी खांब आणि उन्हाळ्यातही न आटणारी विहीर मी विसरले की गाळली?

"आणखी दोघांना विचारा, चाची," कसंबसं म्हणाले.

"तुझ्यावर नाही तर कुणावर भरवसा ठेवू?"

माझ्यासमोर चहाचा रिकामा कप होता.

पन्नास लाखांत त्यांचा फ्लॅट आला नाही तर? सकाळी जाऊन सगळं सांगायचंय, पण त्यांच्या नजरेला नजर कशी देऊ? तुम्ही काय केलं असतं?