सरका-नानांचा ओटा

सरका-नाना रस्त्यानं सरळ असे कधी चाललेच नाहीत. चार पावलं गेले की थांबायचे, वाकायचे, वाटेतला दगड उचलून भिंतीच्या कडेला ठेवायचे आणि कमरेवर हात देऊन पुन्हा पुढं निघायचे. घरापासून देवळापर्यंत जायला त्यांना कोण वेळ लागे. माझ्या सासूबाई ओट्यावर धान्य निवडत बसलेल्या असायच्या. त्या म्हणायच्या, "नाना देवाला निघालं न्हवं? मग आरती हुईल तवा पोचतील."

त्यांचं खरं नाव गावालाच आठवत नव्हतं, तर मी कशाला सांगू. तोंडात सदा एकच शब्द, "जरा सरका." कुणाची गाडी आडवी लागली, कुणी गल्लीत बाज टाकली, कुणाचा उकिरडा वाटेवर पसरला, की नाना हजर. रागावणं नाही, आवाज चढवणं नाही. समोरचा हलेपर्यंत तिथंच उभं राहायचं आणि मधूनमधून तेच म्हणायचं. माणूस शेवटी कंटाळून सरकायचा.

आमचं गाव वाई-लोणंद रस्त्याच्या फाट्यापासून आत, ओढ्याच्या पलीकडं. गल्लीची तर काय सांगू शोभा. ज्याच्या मनाला येईल त्यानं आपला ओटा हातभर पुढं काढलेला, मोऱ्यांचं पाणी मधून वाहतंय, आणि दोन्ही अंगांना जू टेकवून उभ्या बैलगाड्या. माझी वरात आली तेव्हा गाडी मधेच अडकली, बैल सोडावे लागले आणि शालू गुडघ्यापर्यंत धरून नवरीला चालावं लागलं. उंबऱ्यावरचं माप ओलांडायच्या आधी मी चिखल ओलांडला. तेव्हा कडेला उभ्या असलेल्या एका म्हाताऱ्यानं हळहळून मान हलवली होती. तेच नाना. आमच्या शेजारचेच, चौकाच्या कोपऱ्यावरचे.

गाड्यांपायी त्यांनी सगळ्या गावाशी वाद घातला. दारात गाडी म्हणजे घरची अब्रू, ती लांब चिंचेखाली कोण नेऊन लावणार? पलीकडच्या दादूची गाडी सगळ्यांत मोठी आणि सगळ्यांत आडवी. नाना त्याला म्हणाले, "दाद्या, दारात गाडी दिसावी म्हून लावतोस, पर गाडीमुळं तुझं दारच दिसंना गड्या." दादू हसला, पण गाडी हलवली नाही.

मग ती जर्मनची लढाई आली. आमचे हे पलटणीत होते. लढाई संपत आली असताना इटलीकडं कुठंतरी त्यांच्या पायाखाली सुरुंग उडाला आणि डावा पाय गुडघ्याखाली काढावा लागला. पुण्याच्या लष्करी दवाखान्यात आणून ठेवलं तेव्हा धाकटे दीर भेटून आले. येऊन बसले, पाणी प्यायले. सासूबाईंनी दोनदा विचारल्यावर म्हणाले, "डाक्टर म्हन्तो, फाट्यापास्नं बैलगाडीचा धक्का बसला तर जखम उकलंल. पाठीवर घिऊन जातो म्हनलं, तर दादा म्हन्तो, पोत्यावानी पाठीवर बसून गावात शिरनार न्हाई. माझा मी चालत घरात गेलो तर गेलो, न्हाईतर हितंच कुठंतरी पहारेकरी ऱ्हातो."

सासूबाई रडल्या. मला तेही जमेना. त्यांचा हट्ट मी ओळखून होते. त्यांनी पुण्यातच राहायचं मनावर घेतलं, तर हा माणूस मला या दारात पुन्हा दिसायचा नाही, एवढं मला कळत होतं.

भिंतीपलीकडून नानांनी सगळं ऐकलं असावं. दुसऱ्या दिवशी अंगणाच्या कडेला उभे राहून म्हणाले, "सूनबाई, लोणंदला रेल्वेतनं उतरला आन् तितनं मोटार थेट गावात आली, तर ईल का?"

मी पदर सावरून म्हटलं, "येतील की. पण मोटार गावात कशी येईल नाना?"

"ते माज्याकडं लागलं."

वाईचे एक शेठ फाट्यावरून लोणंदपर्यंत उतारूंची सर्व्हिस मोटार सोडत. नाना चालत त्यांच्याकडं गेले. शेठ म्हणाले, रस्ता करा, रोज गाडी पाठवतो. पण एकदा अडकली की पुन्हा नाव काढायचं नाही. नानांनी गावात येऊन इर्जिक मांडली. इर्जिक शेताची असते. ज्याचं काम निघालंय त्यानं जेवण घालायचं, आणि सगळ्या गावानं बैलं-औतं घेऊन त्याच्या रानात राबायचं. रस्त्याची इर्जिक कुणी ऐकली नव्हती. "रान कुणाचं?" असं एकानं विचारलं. नाना म्हणाले, "आपल्या जवानाचं." तसे लोक बैलं सोडायला उठले. दादूची गाडी सगळ्यांत मोठी, म्हणून मुरूम वाहायला तीच पहिली जुंपली. संध्याकाळी ती आपसूक चिंचेखाली जाऊन उभी राहिली, आणि तिच्या शेजारी बाकीच्या. आम्ही बायकांनी पाट्या वाहिल्या, उकिरडे हलवले, मोऱ्यांना खड्डे खणले. माझ्या हाताला फोड आले, पण कधी नव्हे ती झोप लागायला लागली.

चौकापासून आमच्या दारापर्यंत नानांनी एका कडेनं सपाट दगड बसवून पायवाट केली. एका संध्याकाळी मी दिव्याला तेल घालत होते, तर बाहेर टक् टक् आवाज. बघते तो काय, नाना धोतर खोचून, एक पाय मागं दुमडून, दोन काठ्यांवर लंगडी घालत येताहेत. घामाघूम झालेले. मला बघून थोडे लाजले. म्हणाले, "ह्यो तुमच्या दारापुढचा दगुड हालतोय. कुबडी घसरंल पोराची." मी हसत हसत आत गेले आणि चुलीपुढं बसून पोटभर रडले.

रस्ता झाल्यावर शेठनी आधी रिकामी मोटार चाचणीला पाठवली, ती पाहायला सगळं गाव चौकात लोटलं होतं. ओढा ओलांडून ती झोकात आली, दोन्ही अंगांना जागा सोडून आली. लोकांनी गुलाल उधळला. ड्रायव्हर कादरभाई खाली उतरले, इकडंतिकडं बघून म्हणाले, "समदं झ्याक हाय. पर वळवू कुठं?"

 आमच्याकडं बैलगाडी कुणी वळवतं का? बैल सोडायचे, जू उचलायचं आणि जागच्या जागी गाडी फिरवायची. मोटारीला वळायला जागा लागते हे साऱ्या गावात एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं. नानांच्याही नाही. दादू म्हणाला, "त्यात काय, उचलू की." आणि खरंच, बाप्यांनी हर हर महादेव म्हणत मोटारीचं बूड उचलून थोडंथोडं करत तिचं तोंड फिरवलं. कादरभाईंनी कपाळाला हात लावला. "रोज उचलनार का? खालचा इस्प्रिंगचा पाटा मोडला तर शेठ मला हाकलंल. आन् मागंमागं ओढा उतरायचा म्हंजी मरनच की."

ते चौकभर फिरले आणि कोपऱ्यातल्या एका ओट्यापाशी थांबले. पावलांनी तिथली जागा मापली आणि मान हलवली. तो ओटा नानांचा होता. त्यावर तुळशीवृंदावन होतं. नानांच्या बायकोनं जायच्या आदल्या वर्षी स्वतःच्या हातानं माती कालवून बांधलेलं. रोज सकाळी नाना तिथं तांब्या ओतायचे आणि बराच वेळ उभे राहायचे. गावाला ते ठाऊक होतं, म्हणून प्रत्येकजण खाली बघत होता. मीही. मागायचं तर मीच मागायला हवं होतं, पण एका बाईनं हातानं बांधलेलं दुसरीनं मोडा कसं म्हणावं?

नाना ओट्यावर जाऊन बसले. वृंदावनावर हात ठेवला आणि अगदी हळू, पण मला ऐकू येईल असं म्हणाले, "बये, जरा सरकतीस का?"

 मग उठून घरातून पहार आणली आणि पहिला घाव स्वतः घातला. तुळस मुळाच्या मातीसकट उपटून, लेकरू धरावं तशी धरून माझ्यापुढं आले. "सूनबाई, हिला तुमच्या अंगनात जागा हाय का?" मी पदर पुढं केला.

हे आले त्या दिवशी दुपारपासून मी आतबाहेर करत होते. ओढ्याच्या बाजूनं हॉर्न ऐकू आला आणि मी दारात येऊन उभी राहिले. मोटार चौकात थांबताच माणसं तुटून पडली. दादू तर दारापुढं पाठ वाकवून उभा राहिला. "बस गड्या, लाजतोस काय." यांचा चेहरा दगडासारखा झाला. हात मोटारीच्या दांड्यावर तसाच. मला वाटलं, आता हे परत आत जाऊन बसणार.

तेवढ्यात मागून आवाज आला, "जरा सरका."

कुणी लगेच हललं नाही. "सरका म्हन्तो न्हवं," नाना म्हणाले आणि उभे राहिले. दादू बाजूला झाला. मग सगळेच झाले. यांनी पहिल्या दगडावर कुबड्या टेकल्या आणि निघाले. टक् टक् टक्. एकही दगड हलला नाही. दारात पोचून भिंतीला टेकले, सासूबाईंच्या पाया पडायला वाकू लागले तर त्यांनीच धरलं. यांनी माझ्याकडं बघितलं. किती महिन्यांनी माझ्या छातीवरचं ओझं उतरलं, ते माझं मला माहीत. मग हे मागं वळून चौकाकडं बघत म्हणाले, "नाना, तुमचा वटा कुठं गेला?"

"सरकला," नाना म्हणाले, आणि दगड शोधत घराकडं गेले.

पुढं दोन-तीन पावसाळे नाना होते. रोज सकाळी तांब्या घेऊन आमच्या अंगणात यायचे, तुळशीसाठी मी बांधलेलं नवं वृंदावन सारवून ठेवलेलं असायचं. गेले ते झोपेतच, कुणाला त्रास न देता. तिरडी निघाली तेव्हा मोटार यायची वेळ होती. कादरभाईंनी ती वेशीबाहेरच कडेला घेतली, इंजन बंद केलं आणि टोपी ठीक करून खाली उभे राहिले. साऱ्या वाटेत कुणाला बाजूला हो म्हणावं लागलं नाही. हे कुबड्यांवर सगळ्यांच्या मागं होते. ओढ्याच्या उतारावर मधेच थांबले. दमले असतील म्हणून दीर पुढं झाले. पण यांनी कुबडीच्या टोकानं वाटेतला एक दगड कडेला सारला आणि मग चालू लागले.