साडूंचा कच्चा रस्ता

उभ्या हिंदुस्थानात चांगल्या रस्त्याचा मनापासून तिटकारा असणारा माणूस एकच, आणि तो नेमका आमच्या नात्यात पडला. माझे साडू, म्हणजे माझ्या बायकोच्या मोठ्या बहिणीचे यजमान. आम्ही दोघेही नागपूरकडचे, सरकारी नोकरीपायी लखनऊला आलो आणि इंदिरा नगरातच राहून गेलो. कुठलासा रस्ता डांबरी झाल्याची बातमी आली की चारचौघांना बरं वाटतं. साडूंचं त्या दिवशी जेवणात लक्ष नसतं. ‘तोही गेला,’ एवढंच ते म्हणतात. पहिल्या पहिल्यांदा ताई, म्हणजे माझी मेव्हणी, दचकून विचारायच्या, ‘कोण गेलं हो?’ आता त्या विचारत नाहीत. नुसती पोळी वाढतात.

या सगळ्याचं मूळ म्हणजे त्यांची सायकल. तिला ‘ग्रॅव्हल बाईक’ म्हणायचं, नुसतं सायकल म्हटलं की ते दुखावतात. खडी, माती आणि जंगलातल्या आडवाटा यांसाठीच ती घडवलेली आहे. हँडल मेंढ्याच्या शिंगांसारखं वळलेलं, टायर जाडजूड, आणि घंटी, मडगार्ड, कॅरिअर, स्टँड यांपैकी एकही वस्तू नाही. ती घरी आली त्या दिवशी ताईंनी तिच्याभोवती एक फेरी मारली आणि विचारलं, ‘सब्जी कुठं ठेवायची?’ साडू म्हणाले, ‘ही सब्जीची नाही.’ ‘मग उभी कुठं करायची?’ तेव्हापासून ती बैठकीतल्या शोकेसला टेकून असते आणि पाहुण्यांना अंग चोरून सोफ्यापर्यंत जावं लागतं. निघण्याआधी साडू बाजारात खरबूज पाहावं तसे दोन्ही टायर अंगठ्याने दाबून पाहतात आणि त्यांतली थोडी हवा सोडून देतात. ‘हवा कमी असली की मातीशी ओळख होते जी,’ हे त्यांचं म्हणणं. ही ओळख पुष्कळदा कोपराने किंवा गुडघ्याने होते. मग त्यांची मुलगी कापूस घेऊन येते. तिला मराठी सगळं कळतं, पण तोंडून हिंदीच निघतं. ‘पापा, यार, आप फिर गिरे?’ साडू गंभीरपणे सांगतात, ‘गिरलो नाही बेटा, उतरलो.’

लखनऊ हे शहर परातीसारखं सपाट. इथे राहून डोंगराची हौस बाळगायची म्हणजे मोठीच पंचाईत. चढाचा सराव व्हावा म्हणून साडू पहाटे फ्लायओव्हर चढतात आणि उतरतात. सातव्यांदा खाली आले तेव्हा एका हवालदाराने त्यांना थांबवून काळजीने विचारलं होतं, ‘बाबूजी, कुछ खो गया है?’ रविवारी विहारातल्या वंदनेला ते पांढरेशुभ्र कपडे घालून वेळेवर हजर असतात. पण पंचशील घ्यायला मांडी घातली की पायातले चिखलाने माखलेले मोजे सगळ्या उपासकांना दिसतात, कारण कुकरैलच्या जंगलातून ते थेट तिथेच आलेले असतात. एकदा सासूबाई नागपूरहून यायच्या होत्या. त्यांना आणायला हे चारबाग स्टेशनला सायकलवर गेले, का, तर रुळांच्या कडेकडेने कच्ची वाट मिळते का ते पाहायचं होतं. हमालाने डोक्यावरची बॅग तशीच धरून सायकलकडे पाहिलं, सासूबाईंकडे पाहिलं आणि विचारलं, ‘माताजी को किस पर बिठाएँगे, बाबूजी?’ सासूबाई अजून हा प्रसंग सांगतात, आणि दर वेळी हमाल एकाने वाढतो.

एकदाच आम्ही दोन्ही कुटुंबं कुमाऊंच्या डोंगरात गेलो होतो. आम्ही बाजारात स्वेटरचे भाव करत होतो तेव्हा साडू भाड्याची सायकल घेऊन देवदारांतल्या वाटेने गेले आणि चार तासांनी परतले. चेहरा ओरबाडलेला, डोळे लखलखीत. ‘काय पाहिलंत?’ मी विचारलं. म्हणाले, ‘पाहिलं ते सोडा. चार तास काहीही ऐकलं नाही, साडूभाऊ. कोणी काही मागितलं नाही.’ तेव्हा कुठे मला या वेडाचा थोडा अंदाज आला. ऑफिसात ते ड्राफ्टिंगचा, म्हणजे मसुदे लिहिण्याचा, विभाग सांभाळतात. तीस वर्षं रोज कोणी ना कोणी काहीतरी मागत असतं, आणि ते मागणं नीट कागदावर उतरवण्याचं काम त्यांचं.

त्या कामाची सवय जंगलातही सुटत नाही. त्यांच्या खिशात एक डायरी असते. तिच्यात प्रत्येक वाटेची लांबी, रुंदी, खड्डे आणि पाणी साचण्याच्या जागा लिहिलेल्या, आणि शेवटी फाइलवर मारावा तसा शेरा. ‘वाळू खोल. पुनर्विचार व्हावा.’ ‘नीलगाय आडवी आली. हरकत नाही.’ त्या डायरीत सर्वांत जास्त पानं एकाच रस्त्याला मिळाली होती. बख्शी का तालाबच्या पुढे, नहरेचा, म्हणजे कालव्याचा, बांध सोडल्यावर आमराईतून आणि शिसवीच्या झाडीतून एका लहानशा गावापर्यंत जाणारा दीड कोसाचा कच्चा रस्ता. वरून कधीतरी हवाई दलाचं विमान जाई, तेवढाच काय तो आवाज. तिथला शेरा होता, ‘चिखल घोट्यापर्यंत. अप्रतिम.’ आसपासचे बाकीचे रस्ते एकेक करून डांबरी झाले होते आणि हा एवढा एकच उरला होता. साडू त्याला जिवापाड जपत. पत्ता फक्त मला सांगितला होता, तोही माझ्या सायकलला स्टँड आणि घंटी असल्यामुळे मी एकटा तिकडे फिरकणार नाही याची खात्री होती म्हणून.

घोटाळा झाला तो या रस्त्यावरच, आणि त्या दिवशी मी सोबत होतो. गावाच्या तोंडाशी पिठाची चक्की आहे. साडूंनी हेल्मेट न काढता, हातात डायरी घेऊन तिथल्या मंडळींना विचारलं, ‘भैया, ये सड़क आगे तक कच्ची है ना? कहीं पक्की तो नहीं हुई?’ हेल्मेट, हातमोजे, डायरी आणि असला प्रश्न! गावाने ओळखायचं ते ओळखलं. खुर्ची आली, चहा आला, मला स्टूल मिळालं. एक वयस्कर गृहस्थ हात जोडून म्हणाले, ‘साहब, पूरी कच्ची है। एक हाथ भी पक्की नहीं।’ साडूंचा चेहरा उजळला. ‘बहुत बढ़िया!’ ते म्हणाले. ‘ऐसी ही रहनी चाहिए।’

मी चहात तोंड घातलं. मग चक्कीपाशी बसलेली एक म्हातारी शांतपणे म्हणाली, ‘अइसे न कहौ, साहेब। बरसात मा हमरी बहुरिया का खटिया पर धइ के पक्की सड़क तक लइ गयेन। लरिका रस्तै मा भवा। बचा नाहीं।’ सुनेला खाटेवर घालून न्यावं लागलं, मूल वाटेतच झालं आणि गेलं, एवढं तिने सांगितलं आणि दळणाचा डबा जवळ ओढला. साडूंनी हेल्मेट काढलं. आपण अफसर नाही, नुसते हिंडायला आलो आहोत, हे त्यांनी परोपरीने सांगितलं. ‘हिंडायला? इथे?’ यावर कोणाचाच विश्वास बसेना. उलट आजवर केलेल्या अर्जांचा गठ्ठा कोणीतरी आणून त्यांच्या मांडीवर ठेवला. ते वाचत गेले आणि त्यांच्या कपाळावरची आठी वाढत गेली. एक अर्ज भलत्याच खात्याला गेलेला, दुसऱ्यात रस्ता कुठून कुठे ते नाही, नकाशा तर कशालाच नाही. म्हातारीने त्यांना हलवलं होतंच. त्या गठ्ठ्याने तीस वर्षांच्या ड्राफ्टिंगलाही हात घातला.

दोन आठवडे तो गठ्ठा त्यांच्या टेबलावर होता आणि सायकल जागची हलली नाही. एका संध्याकाळी मीच म्हणालो, ‘राहू द्या ना, साडूभाऊ. तुम्ही नवा अर्ज नाही लिहिलात तर कोणाला कळणार आहे?’ ‘मला कळेल ना जी,’ ते म्हणाले आणि त्यांनी डायरी उघडली. असा पुरावा कुठल्याच सरकारी खात्याला आजवर मिळाला नसेल. प्रत्येक खड्डा, प्रत्येक डबकं, महिन्यांनिशी. हौसेने लिहिलेलं एकेक वाक्य ते खोडत होते आणि मला वाचून दाखवत होते. ‘चिखल घोट्यापर्यंत, अप्रतिम’ याचं झालं, ‘वर्षा ऋतु में आवागमन पूर्णतः अवरुद्ध’. तो मसुदा म्हणजे त्यांच्या आयुष्यातला सर्वांत सुंदर मसुदा होता. गावकऱ्यांनी सह्या केल्या, अंगठे उठवले. तिथे थांबले असते तरी त्यांना कोणी नावं ठेवली नसती. पण सरकारी माणूस. स्मरणपत्राशिवाय काम हलत नाही हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक? त्यांनी एकापाठोपाठ एक तीन स्मरणपत्रंही लिहून दिली.

दीड वर्षाने रस्ता झाला. साडू तिकडे जायचं टाळत होते; शेवटी एका रविवारी मीच त्यांना ओढून नेलं. काळाभोर, गुळगुळीत रस्ता, आणि दोन मोटारसायकली भर्रकन आमच्या बाजूने गेलेल्या. चक्कीपाशी तीच म्हातारी होती, शेजारी सून, आणि सुनेच्या मांडीवर महिन्या-दोन महिन्यांचं बाळ. म्हातारीने साडूंना लगेच ओळखलं. गूळ आणि पाणी दिलं. ‘अबकी गाड़ी दुआरे तक आई रहै,’ तिने बाळाकडे बोट दाखवून सांगितलं; या खेपेला गाडी थेट दारापर्यंत आली होती. मग साडूंच्या सायकलवर हात फिरवून म्हणाली, ‘अब तौ आपौ का आराम होइगा, साहेब।’

साडू म्हणाले, ‘हाँ अम्मा, बहुत आराम है।’

या माणसाला रस्त्याबद्दल खोटं बोलताना मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. मला त्यांचा फार अभिमान वाटला, आणि फार वाईटही वाटलं. परतताना मी काहीतरी गमतीचं बोलायला म्हणून मागे वळलो. अख्खा रस्ता मोकळा पडला होता. साडू मात्र डांबराच्या कडेला उरलेल्या अर्ध्या हाताच्या मातीवरून, तोल सांभाळत, सावकाश येत होते.