कोब्यावरचे गुडघे

आत्याच्या अंगाला कायम मलमाचा वास यायचा. घरात सगळे तिला पट्टीवाली म्हणत, कारण गोठ्यातल्या एका तरी वासराच्या पायाला तिने बांधलेली पट्टी असायचीच. त्या जखमांचं मूळ म्हणजे आमचे बाबा, तिचा धाकटा भाऊ, हेही सगळ्यांना माहीत होतं. बोलायचं कोणी?

बाबांनी हौसेने गोठ्यात सिमेंटचा कोबा करून घेतला आणि तेव्हापासून त्यांना स्वच्छतेचं वेडच लागलं. आत्याने वासरांखाली पेंढा पसरला की बाबा तो झाडून बाहेर काढत आणि वर बादलीभर पाणी मारत. वासरू उठताना आधी मागचा भाग उचलतं, तोवर सगळा भार पुढच्या गुडघ्यांवर. ओल्या कोब्यावर ते घसरायचं आणि गुडघे सोलवटायचे. मग आत्या मिठाच्या कोमट पाण्याने जखम धुवायची, भोवतीचे केस कापायची, कोरडं टिपून मलम लावायची आणि वर सैलसर पट्टी बांधायची. भाऊ जखमा करणार, बहीण त्या बांधणार, असा आमचा घरचा कारखाना वर्षानुवर्षं चालला होता.

त्यात आत्याचे स्वतःचे गुडघे गेले. बाबांना सांगून सांगून तिने हात टेकले होते.

मग पांढऱ्या कपाळाच्या वासराचा गुडघा सुजला. ते उठेना. गुरांच्या डॉक्टरांनी सूज दाबून पाहिली, इंजेक्शन दिलं.

"पू सांध्यात उतरला तर हे पुन्हा उभं राहणार नाही," ते म्हणाले. "पट्टी रोज बदला. आणि खाली कोरडं, मऊ ठेवा. नाहीतर माझी औषधं फुकट."

डॉक्टर गेले आणि बाबांनी सवयीने बादली उचलली. आत्याने त्यांच्यापुढे मलमाची डबी धरली.

"उद्यापासून पट्टी तू बांध."

"मी? मला कुठे जमतंय, ताई?"

"जमेल. मी थकले रे आता."

ती चिडली असती तर बाबांनीही आवाज चढवला असता. पण ती नुसतीच दमली होती. त्यांनी बादली खाली ठेवली आणि डबी घेतली.

दुसऱ्या दिवशी बाबा कोब्यावर गुडघे टेकून बसले. वासरू पाय ओढून घेत होतं, पट्टी सुटत होती. शेवटी भिंतीला धरून उठताना ते कळवळले.

"काय टोचतो गं हा कोबा."

"हं," आत्या म्हणाली.

खरं सांगते, मला बाबांची जराही दया आली नाही.

त्याच दुपारी ते कुरकुरत पेंढ्याचे भारे घेऊन आले आणि चांगला जाड थर पसरला. ओला झाला की तो बदलूही लागले. बादली दाराबाहेरच राहिली.

सूज हळूहळू उतरली. एका दुपारी वासराने पेंढ्यात गुडघे रोवले, धडपडलं आणि उभं राहिलं. बाबा आत्याला बोलवायला घरात धावले. ती भिंतीकडे तोंड करून गाढ झोपली होती. दिवसा झोपलेली आत्या आम्ही कधी पाहिलीच नव्हती. बाबांची हाक तोंडातच राहिली. मग त्यांनी दार हळूच ओढून घेतलं आणि पट्टीसाठी पाणी कोमट करायला ठेवलं.