तोंडांच्या यादीतलं बोट

नागपूरहून आलेल्या त्या प्राध्यापकांना आमच्या रुग्णालयातली एकच गोष्ट आवडली, ती म्हणजे रुग्णांची रांग. "मटेरियल छान आहे तुमच्याकडे," ते म्हणाले. मटेरियल म्हणजे बाकावर गाल धरून बसलेली माणसं.

मी तेव्हा चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या सरकारी रुग्णालयात दातांची एकटीच डॉक्टर होते. तापानंतर ओठाच्या कडेला फोड उठतात, त्यांचा विषाणू म्हणजे हर्पिस. दातांसाठी येणाऱ्या माणसांच्या तोंडात तो कितपत सापडतो, हे प्राध्यापकांना शोधायचं होतं. काम सोपं होतं. गालाच्या आतून आणि फोड असेल तर फोडावरून कापसाची काडी फिरवायची, ती नळीत टाकून नळी बर्फाच्या डब्यात ठेवायची आणि फॉर्म भरायचा. शोधनिबंधावर माझं नाव चौथं येणार होतं. मी हुरळले, नाही कशाला म्हणू?

फॉर्मवर एक रकाना होता, 'मौखिक स्वच्छता : चांगली, बरी, वाईट'. प्राध्यापक आले की तो रकाना ते दारातूनच भरत. लुगडं दिसलं की वाईट, इस्त्रीची पँट दिसली की बरी. 'चांगली'वर त्यांनी खूण केलेली मी एकदाच पाहिली, बँकेतल्या एका साहेबांसाठी. त्या साहेबांच्या तोंडाला इतका वास होता की मी मान वळवून श्वास घेत होते.

हातमोज्यांचा त्यांनी एकच डबा आणला होता. "काडीच तर फिरवायची आहे. एका जोडीत दोन-तीन पेशंट करा, मध्ये स्पिरिटनं पुसा," ते म्हणाले. मीही पुसत राहिले. हे चूक आहे हे पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही कळतं, मला तर नक्कीच कळत होतं.

एके दिवशी पोंभुर्ण्याकडच्या खेड्यातून एक बाई आली. पन्नाशीची, धानाची रोवणी आटोपून आलेली. दाढ ठणकत होती आणि ओठाच्या कोपऱ्यात फोडांचा पुंजका होता. मी काडी उचलली तशी तिनं तोंड मिटलं.

"मॅडम, थो मोजा आधीच्याच माणसाचा हाय नं?"

"पुसलाय, बाई."

"मी पाव्हण्याले गिलास बी धुवून देतो. पुसून नाई देत."

मी ते हसण्यावारी नेलं. फोडावरून काडी फिरवली, दाढ पाहिली, गोळ्या लिहून दिल्या. मोजा तर्जनीच्या टोकाला फाटला होता, हे काढताना दिसलं. जाता जाता तिनं विचारलं, "तपासाची चिठ्ठी कवा भेटन?" मी म्हणाले, "येईल."

आठवडाभरात माझी तर्जनी चुरचुरायला लागली, मग सुजली, मग तिच्यावर पाण्यानं भरलेले बारीक फोड आले. ठणका असा की पेन धरवेना. प्राध्यापक नेमके आलेले होते. त्यांनी टेबलापलीकडूनच पाहिलं आणि निदान केलं, "काटा गेला असेल. पू झालाय, चिरा मारून घ्या." ज्या विषाणूवर हा माणूस देशभर भाषणं देत फिरत होता, तो त्याच्यासमोर दोन हातांच्या अंतरावर फुललेला होता. आमच्या सर्जननं चिरा दिला. पू निघालाच नाही, नुसतं पाणी आलं आणि बोट आणखी चिडलं.

रजेवर घरी बसून मी जुनं पुस्तक काढलं. माझ्याच बोटाचा म्हणावा असा फोटो त्यात होता. दंतवैद्यांच्या बोटाला होणारा हर्पिस. खाली ठळक अक्षरांत लिहिलं होतं, चिरा देऊ नये. परीक्षेत त्या धड्यावर मला भरपूर गुण पडले होते. त्या गुणांची मला तेव्हा शिसारी आली.

मी स्वतःच्या बोटावरून काडी फिरवली आणि फॉर्म भरला. व्यवसाय, दंतवैद्य. जागा, उजवी तर्जनी. स्वच्छतेचा रकाना कोरा सोडला. नळी इतरांच्या नळ्यांसोबत गेली.

बाई चिठ्ठीसाठी परत आली. "लेक बाळंतपणाले आली हाय, म्हणून घाई करून राह्यलो," ती म्हणाली. मी प्राध्यापकांना फोन लावला.

"रिपोर्ट पेशंटला द्यायचे नसतात, मॅडम. त्यांना काय कळणार? उगाच गोंधळ."

फोन ठेवून मी बाकावर तिच्याशेजारी बसले. ओठावर फोड असतील तोवर बाळाचा मुका घ्यायचा नाही, हात धुतल्याशिवाय त्याला उचलायचं नाही, नवजात बाळाला हा आजार जिवावर बेतू शकतो, असं सगळं सांगितलं. तिनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"एवढंच सांगाचं होतं तं त्याच दिवशी काऊन नाई सांगतलं? फोड तं तुमाले दिसूनच राह्यले होते."



पुढे नागपुरात त्या अभ्यासाचं सादरीकरण झालं. पडद्यावर रंगीत आलेख आले आणि शेवटी निष्कर्ष आला : ग्रामीण रुग्णांची अस्वच्छता हे प्रसाराचं मुख्य कारण. मग विषाणू सापडलेल्यांची यादी दाखवली. तिच्यात माझ्या नळीचा क्रमांक होता. स्त्री, ग्रामीण, मौखिक स्वच्छता वाईट.

मी उभी राहिले. "सर, हे तोंड नाही. बोट आहे. माझं बोट."

मागे कोणीतरी हसलं. प्राध्यापकांनी चष्मा वर सारला. "फॉर्मवर तसं लिहायला हवं होतं."

"लिहिलं होतं. स्वच्छतेचा रकाना तेवढा कोरा होता."

"कोरे रकाने आम्ही 'वाईट' धरले आहेत," त्यांच्या शेजारचा विद्यार्थी भाबडेपणानं बोलून गेला.

"आणि एक हातमोजा किती माणसांत वापरला, ते कुठं धरलंय?"

"तुम्ही स्टडी बिघडवलीत, मॅडम," प्राध्यापक म्हणाले आणि चहाची सुट्टी जाहीर झाली. चहाच्या वेळी माझ्याजवळ कोणी फिरकलं नाही. समोशांभोवती मात्र गर्दी होती.

निबंध छापून आला. त्यावर माझं नाव नाही, याचं आता बरं वाटतं. बोट त्यातून वगळलं की नाही, हे मी वाचून पाहिलं नाही.

प्रयोगशाळेतल्या तंत्रज्ञाकडून मी माझ्या रुग्णांचे निकाल मागवून घेतले. त्यानं काही न विचारता ते पाठवले. मग रोज ओपीडी संपली की एकेकाला फोन करून निकाल समजून घ्यायला बोलवायचे. काही आले, काहींनी शिव्या घातल्या. फोड गेले तरी विषाणू अंगात राहतो, हे मी घुग्घुसच्या खाणीतल्या एका कामगाराला सांगत होते, तर त्यानं माझं बोलणं अर्ध्यावरच तोडलं. "मॅडम, फोड तं कवाचेच गेले. मी शिफ्टवर चाललो," म्हणाला आणि मागे ट्रकचा भोंगा वाजत असतानाच त्यानं फोन कापला.