टी-टॉवेलवरचा पूल
ओव्हनच्या दांडीवर टांगलेला टी-टॉवेल दिसला, की मला फ्लॅट बुश उपनगरातलं ते स्वयंपाकघर आठवतं. आम्ही दोघी मैत्रिणी ऑकलंडच्या एकाच ऑफिसात पुलांची डिझाइन्स करायचो. आमच्या दोन डेस्कांच्या मधे इंग्लंडमधल्या एका खेड्यातल्या मध्ययुगीन दगडी पुलाचा फोटो लावला होता. तो बघायला बरोबरच जायचं, असं ठरलेलं. मग एकदा ती म्हणाली, "आई सिरियस आहे गं, नागपूरला निघालेय." तीन आठवडे तिचंही काम मी ओढलं, भर पावसात तिच्या साइटवर गेले. माझ्या आईने तिकडे अकोल्याच्या विहारात तिच्या आईसाठी वंदना म्हटली. परतल्यावर तिने फ्लॅट बुशच्या घरी जेवायला बोलावलं. लसणाच्या फोडणीचा वास सुटला होता. हात पुसायला टॉवेल ओढला, तर त्यावर आमचाच पूल छापलेला, पाचही कमानींसकट. "मस्त आहे ना?" तिचा नवरा म्हणाला, "तीनही आठवडे इंग्लंडातच होतो, या पुलावर तर तासभर बसलो." ती मान खाली घालून कढई हलवत राहिली. मी टॉवेलची घडी घालून तो परत टांगला आणि जेवलेसुद्धा, याचाच मला जास्त राग येतो. आई अजूनही फोनवर विचारते, "तुझ्या मैत्रिणीची आई बरी आहे ना गं?" मी म्हणते, "हो, ठणठणीत."