नूरबीचा लाडका शब्द

मेहकरच्या डाकबंगल्याचा खानसामा वहाब गोऱ्या साहेबापुढे वाकून वाकून अर्धा झाला होता, पण घरचा उंबरठा ओलांडला की तोच साहेब व्हायचा. भाकरी करपली, स्वाइन. पाणी उशिरा आलं, स्वाइन. दिवसभर त्याच्या अंगावर पडलेला शब्द संध्याकाळी बायकोच्या, नूरबीच्या वाट्याला यायचा.

लग्नाच्या पहिल्याच वर्षी तिनं विचारलं होतं, "म्हंजे काय हो?"

वहाबला अर्थ पुरता ठाऊक होता. कचेरीतल्या नारायणराव कारकुनानं जाडा कोश उघडून सांगितला होता: डुक्कर, आणि नीच माणूस. त्या जनावराचं नावही यांच्या घरात कुणी घेत नसे, नुसतं 'बद' म्हणून भागवत.

"भोळी," वहाब म्हणाला. "भोळ्या माणसाले साहेब लोक असं म्हणतात."

बिचारीनं खरं मानलं. विहिरीवर शेजारच्या अंबूबाईला ऐटीत सांगितलं, "आमच्या घरी इंग्रजी चालते." लेक चांदबी झाली, तशी तीही आईची लाडकी स्वाइन झाली; हाकही त्याच नावानं. वहाबनं ते ऐकलं आणि भेकडासारखा गप्प बसला. बोलला असता तर त्याचंच खोटं उघडं पडलं असतं.

पंधरा वर्षांनी लोणारचे बद्रुद्दीन मास्तर आपल्या मुलासाठी चांदबीला बघायला आले, बायकोला घेऊन. असं स्थळ पुन्हा मिळणार नव्हतं. सरबत देताना पोरीच्या हातून थोडं सांडलं. नूरबी कौतुकानं म्हणाली, "लाजते हो. माही पोरगी लय स्वाइन आहे."

मास्तरांनी पेला खाली ठेवला. "याचा मतलब मालूम आहे तुमाले?"

"मालूम आहे नं. तिचे अब्बा मले रोज म्हणतात."

मास्तरांनी वहाबकडे पाहिलं. वहाबनं जमिनीकडे. मग मास्तरांनीच अर्थ सांगितला आणि बायकोला म्हणाले, "चला. हे घर आपलं नाई."

बैलगाडी दूर गेल्यावर नूरबीनं विचारलं, "तुमाले मालूम व्हतं?"

"हाव. साहेब मले रोज म्हणे. मी कोणाले म्हणू मंग?"

"साहेबानं म्हटलं तं तुमाले समजत व्हतं. मनातल्या मनात उलटी शिवी तरी देता येत व्हती. मले तेवढंही ठेवलं नाई तुमी. आन् माह्याच तोंडून लेकीले म्हणवलं."

तिला रडू आवरेना. उरलेलं सरबत तिनं अंगणात ओतलं आणि आत हाक मारली, "चांदबी."

आतून ओ आली नाही. त्या नावानं आई हाक मारते, हे पोरीला ठाऊकच नव्हतं.